नक्षीसाहेबांचा बिननक्षीचा दिवा

माझ्या मामांना कारखान्यात नक्षीसाहेब म्हणायचे. हे नाव कौतुकानं पडलंय अशी मामांची समजूत होती, आणि ती दूर करण्याइतकं दुष्ट आमच्या घरात कोणी नव्हतं.

मामा दिव्यांच्या कारखान्यात आराखडे काढायचे. टेबलावरचे दिवे, भिंतीवरचे, छताला लटकणारे. उजेड पडणं हे दिव्याचं काम असं तुम्ही-आम्ही समजतो. मामांच्या मते ती दिव्याची नाइलाजानं करायची नोकरी होती. उजेड काय, उघड्या बल्बचाही पडतो. खरा दिवा म्हणजे बल्बच्या आजूबाजूचं सगळं: वेल, पानं, द्राक्षांचे घोस, सिंहाचे पंजे, आणि जागा उरलीच तर आणखी एक वेल.

"बिननक्षीची वस्तू म्हणजे अंघोळ करून तसाच बैठकीत आलेला माणूस," ते म्हणायचे.

"निदान तो स्वच्छ तरी असतो," मामी म्हणायची.

घरात मामांच्या हातातून काही सुटलं नव्हतं. कपडे अडकवायच्या खुंट्यांना तोंडं होती. आरशाची चौकट इतकी रुंद होती की आरशात जेमतेम एक गाल मावायचा. पत्रपेटीच्या वेलीत पोस्टमनचं बोट अडकलं, तेव्हापासून तो पत्रं दाराखालून सरकवून लांबूनच निघून जायचा.

अशा माणसाकडे मालकांनी एक काम दिलं. कचेऱ्यांसाठी, अभ्यासाला बसणाऱ्या पोरांसाठी टेबलावरचा एक साधा दिवा हवा होता. "साधा" हा शब्द मालकांनी दोनदा उच्चारला. मामांना तो एकदाही ऐकू आला नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि हंस काढला.

तो आराखडा मी लहानपणी पाहिलाय. तळाला पाण्याच्या लाटा, लाटांवर पसरलेले पंख, पंखांचं एकेक पीस वेगळं, त्यातून वर निघालेली मान, आणि चोचीत धरलेला बल्ब. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बगळा चांगला आहे," ते म्हणाले.

"हंस आहे."

"असेल. पण नक्षीसाहेब, पोरानं हिशेब सोडवायचा की पाखराकडे बघत बसायचं?"

तरी नमुना करायची परवानगी त्यांनी दिली. मालक मनाचे चांगले होते, आणि शिवाय त्यांना माहीत होतं की आराखड्यापासून वस्तूपर्यंतच्या वाटेवर ओतकामाचा फोरमन बसलेला आहे.

फोरमननं पहिल्याच आठवड्यात चोच घालवली. साच्यातून काढताना ती दर वेळी तुटायची, आणि न तुटलीच तर बल्बनं तापायची.

"चोचीशिवाय हंस कसा होईल?" मामा म्हणाले.

"मुका होईल साहेब. भांडणार तर नाही."

मग चोचीच्या जागी, बल्ब झाकायला, पत्र्याची एक वाटीसारखी शेड आली. पुढचा नंबर पंखांचा. ते खोक्यात मावेनात. "जरा मिटवून घ्या," मालक म्हणाले. मामांनी मिटवले. "आणखी थोडे." आणखी मिटवले. असे मिटता मिटता एके दिवशी पंख नाहीसेच झाले, आणि पॅकिंगवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

राहिली मान. मालकांचं म्हणणं होतं, सरळ पाइप उभा करा, वर एक कोपरा बसवा, काम झालं. इथे मात्र मामा अडून बसले. पाइप वाकवायच्या यंत्रापाशी ते दिवसच्या दिवस उभे राहायचे. वाकवलेला पाइप हातात घ्यायचे, डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचे आणि बाजूला टाकायचे. भंगाराचा ढीग बघून मालकांचा धीर सुटला. मामांनी राजीनामा खिशातून काढून टेबलावर ठेवला. मालकांनी तो वाचला नाही, पण मान मंजूर केली. माणसाच्या कारकिर्दीत एकदा तरी असा प्रसंग यावा. मामांच्या कारकिर्दीत तो एकदाच आला.

नमुना घरी आला तेव्हा लाटाही गेल्या होत्या, पण तळाच्या गोल बैठकीवर पिसं शिल्लक होती. मामीला शिवणयंत्रापाशी उजेड हवाच होता. तिनं दिवा लावला, त्याखाली शिवलं आणि शिवून झाल्यावर रीतीप्रमाणे फडक्यानं पुसायला घेतला. फडक्याचे धागे पिसांत अडकले. तिनं दात घासायचा जुना ब्रश घेतला. तो पिसांच्या मुळाशी पोचेना. काही दिवसांनी मामा दाढीला बसले आणि ब्रशमधून गालावर काळा ओघळ उतरला.

"हा ब्रश कशाला वापरलास?" मामांनी फेसातून विचारलं.

"तुमच्या पाखराला अंघोळ घालायला. त्याच्या पिसांत साऱ्या गल्लीची धूळ येऊन राहते. शिवण शिवू की त्याची न्हाणी करू?"

"कलेसाठी माणसं काय काय सोसतात."

"माणसं नव्हे. बायका."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मामा इमारतीच्या मागच्या अंगणात कानस घेऊन बसले. मामीनं बैठक घट्ट धरली आणि मामांनी आपल्या हातानं हंसाची पिसं काढली. मध्येच मामीनं चहा केला. मामांनी तो घेतला नाही, मग थोड्या वेळानं घेतला. संध्याकाळपर्यंत एक गुळगुळीत चकती, त्यातून उठून पुढे झुकलेली एक मान, आणि टोकाला वाटी एवढंच उरलं. तेल गेलं, तूप गेलं, त्यातली गत.

मामीनं तो दिवा यंत्रापाशी नेऊन ठेवला आणि म्हणाली, "आता कसा शहाण्यासारखा दिसतो."

मामा त्या दिवशी लवकर झोपले.

दिवा मात्र जोरात खपला. कचेऱ्यांनी घेतला, वाचनालयांनी घेतला, शाळांनी, दवाखान्यांनी, पोलीसचौक्यांनी घेतला. तो स्वस्त होता, पडला तरी मोडत नव्हता आणि उजेड नेमका कागदावर पाडायचा, बसणाऱ्याच्या डोळ्यांत नाही. त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. हे मामांच्या फार जिव्हारी लागलेलं होतं, आणि कोणी बघितलं असतं तर जास्तच लागलं असतं. एकदा दाताच्या डॉक्टरकडे ते खुर्चीत आ करून बसलेले असताना समोरच्या टेबलावर तोच दिवा. डॉक्टर म्हणाले, "बघा, इतकी वर्षं झाली, पण कंटाळा येत नाही याचा. कोणी केलाय कोण जाणे." तोंडात आरसा आणि चिमटा असल्यामुळे मामांना ते सांगता आलं नाही. घरी येऊन ते मामीला म्हणाले, "बरं झालं, बोलता आलं नाही."

बाहेर कोणी विचारलं तर ते स्वतःची ओळख "द्राक्षांच्या दिव्याचा कर्ता" अशी करून द्यायचे. हा द्राक्षांचा दिवा मालकांनी मामांची समजूत काढायला म्हणून काढला होता. तो जो खपला नाही तो खपलाच नाही. उरलेला सगळा माल मामांनी आणला आणि आमच्या नात्यात द्राक्षांशिवाय एकही लग्न पार पडलं नाही. माझ्याही लग्नात एक आला. नवऱ्यानं तो उघडून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "याची बाग कुठे लावायची?"

पुढे मालक गेले, कारखाना बंद पडला, मामा निवृत्त झाले आणि त्यांचे केसही त्यांना सोडून गेले. त्या काळातल्या बाकीच्या वस्तूंचं वय आता चेहऱ्यावर दिसायला लागलं. सोनेरी जाळीचे रेडिओ, पंख पसरलेली सोफ्याची जोडी, पायांत घुंगरू घातल्यासारखी टेबलं, सगळी म्हातारी दिसत होती, आणि ज्यांनी ती हौसेनं घेतली होती ते ती माळ्यावर चढवत होते. तो दिवा तेवढा काल संध्याकाळी कोणीतरी काढल्यासारखा दिसायचा. जाहिरातींत चपट्या कॉम्प्युटरच्या शेजारी तो येऊन बसला. सिनेमात श्रीमंत माणसाच्या टेबलावर आला. मी एकदा मामांना विचारलं, "मामा, हा जुना कसा होत नाही?"

"जुनं व्हायला त्याच्या अंगावर ठेवलंय काय?" मामा म्हणाले. "जुनी होते ती नक्षी. ती या लोकांनी आधीच ओरबाडून घेतली."

इतकी नेमकी व्याख्या मी पुढे मोठमोठ्या पुस्तकांतही वाचली नाही. पण मामांनी ती तक्रार म्हणून केली होती.

मग एक दिवस, मी मामांकडे असताना, संग्रहालयातल्या बाई आल्या. काळे कपडे, चष्म्याची काळी चौकट, हातात एकच अंगठी, तीही चौकोनी. भंगारबाजारात त्यांना तो दिवा सापडला होता, त्यावरून त्या जुन्या कामगारांना विचारत विचारत मामांच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. घरात शिरल्यावर खुंट्यांवरची तोंडं बघून आपण चुकीच्या घरी आलो असं त्यांना वाटलं असावं. पण बाई सभ्य होत्या. त्यांनी नजर खाली वळवली, तर तिथे गालिच्यावर वेल होती.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या काळात सगळे सजावटीच्या मागे लागलेले असताना तुम्ही किती गोष्टी नाकारल्यात."

"मी काही नाकारलं नाही," मामा म्हणाले. "माझं नाकारलं गेलं."

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढे ते वाक्य संग्रहालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागलं आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे.

"आणि ही रेषा," बाई म्हणाल्या, "कशाचीही नक्कल न करणारी, निव्वळ रेषा."

"हंसाची मान आहे ती."

बाईंनी वहीत काहीतरी खोडलं. "म्हणजे तुम्ही निसर्गाचं सार काढलंत."

"सार नाही हो. पूर्ण हंस होता. पंख होते, पिसं होती, चोच होती. सगळं काढून टाकलं, मग हे राहिलं."

"अगदी तेच म्हणतेय मी, सर."

मामी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "दोघं एकच बोलतायत आणि दोघांना एकमेकांचं कळत नाहीये. लग्न लावून द्यावं यांचं."

संग्रहालयानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्या निमित्तानं एक तरुण कारखानदार दिवा परत बाजारात आणायला तयार झाला. तो मामांची सही घ्यायला आला, तेव्हा मामांनी अट घातली: सोबत हंसही करायचा. पूर्ण. चोचीसकट. जुना आराखडा त्यांनी कपाटावरून काढला आणि टेबलावर पसरला. तरुणानं तो बघितला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही, आणि याचंच त्याला शिक्षण मिळालेलं असावं. "करू या, सर," तो म्हणाला.

आताची यंत्रं वेगळी. चोच पहिल्याच फेरीत शाबूत निघाली. मामा रोज कारखान्यात जायचे आणि एकेका पिसावरून हात फिरवायचे. त्या महिन्यांत त्यांची पाठ दुखायची थांबली. मामीला हंस आवडत नव्हता, पण नवऱ्याची पाठ न दुखणं तिला आवडत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी दालन माणसांनी भरलं होतं. पांढऱ्या भिंती, आणि मध्ये एका उंच चौथऱ्यावर तो साधा दिवा, जणू राज्याभिषेकाला बसलाय. लोक आदरानं त्याच्याभोवती फिरत होते. मामांचं भाषण झालं. त्यात त्यांनी सगळं खरं सांगितलं: फोरमनची साच्याची अडचण, मालकांचं खोकं, बायकोचं फडकं. लोकांना हा विनय फार भावला. मग मामांनी स्वतः जाऊन शेजारच्या चौथऱ्यावरचं कापड ओढलं.

हंस खरोखरच भव्य होता. लाटा उसळत होत्या, पंख भिंतीपर्यंत गेले होते, चोचीत बल्ब पेटला होता आणि त्याचा उजेड थेट पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जात होता. कोणाला काही ठरवता येईना. मग दाढीवाले एक समीक्षक पुढे आले, हंसाभोवती एक फेरी मारली आणि हसले. मोकळेपणानं, टाळी वाजवून हसले.

"काय विडंबन आहे," ते म्हणाले. "साधेपणाच्या पूजेवरच सरांनी साधलेला हा खास टोमणा आहे. या वयात इतकी खट्याळ नजर."

झालं. काय वाटायला हवं ते आता सगळ्यांना कळलं. सगळे हसायला लागले. एकीला हसता हसता डोळे पुसावे लागले. संग्रहालयातल्या बाईसुद्धा हसल्या, जरा उशिरा आणि जरा कमी. मामा चौथऱ्यापाशी हातात कापड घेऊन उभे होते. तेही हसले, कारण सगळे हसत असताना एकट्या माणसानं करायचं तरी काय. कापडाची घडी घालायला घेतली, ती त्यांना नीट जमेना.

मामी पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली. आवाज चढवला नाही, तशी गरजही पडली नाही.

"हसायला काय झालं?" तिनं विचारलं. "टोमणा वगैरे काही नाही हा. ह्यांनी मनापासून केलाय. आयुष्यभर ह्यांना हाच करायचा होता."

हसू एका टोकापासून विझत गेलं. दाढीवाल्यांनी "तसं नव्हे, म्हणजे त्याच अर्थानं" असं काहीतरी सुरू केलं. मामी म्हणाली, "अर्थ तुमच्याकडे ठेवा." मग तिनं मामांच्या हातातलं कापड घेतलं, त्याची चौघडी घातली आणि बाईंना दिली.

परतताना टॅक्सीत मी पुढे बसले होते. दोघं मागे.

"तुला आवडला का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला बोललीस?"

"मला नाही आवडत, ते माझं आणि तुमचं बघू. त्यांनी हसायचं काय कारण?"

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "मानेचा बाक मात्र तुला पहिल्यापासून आवडत होता."

"मान चांगलीच आहे. मी कधी मानेला नावं ठेवली?"

बहुधा लग्नानंतर इतकं गोड ती दोघं कधी बोलली नसावीत.

संग्रहालयाला हंस हवा होता, पण पाटीवर "विडंबन" लिहायचं होतं. मामा नाही म्हणाले. बाईंनी माफी मागितली, "विडंबन" खोडून "प्रयोग" करून बघितलं. मामा तरी नाही म्हणाले. दिवा ठेवा, सही ठेवा, भिंतीवरचं वाक्य ठेवा, हंस मात्र घरी पाठवा. साधा दिवा पुन्हा जोरात खपायला लागला होता, त्यामुळे बाकी कोणाची काही तक्रार नव्हती.

हंसाचं खोकं टेम्पोतून उतरलं, तेव्हा ते जिन्यातून वर जाईना. मामांच्या इमारतीत तळाला केस कापणाऱ्याचं दुकान आहे. तो हातात कंगवा घेऊन बाहेर आला, खोकं उघडायला मदत केली, आणि आत काय आहे ते दिसल्यावर कंगवा कानामागे खोचून उभा राहिला.

"साहेब, हा तुमचा?"

"माझा."

"वर नेऊन कोणाला दाखवणार? माझ्या दुकानात ठेवू का? काचेत?"

मामांनी त्याच्याकडे संशयानं बघितलं. "कशाला? लोकांना हसायला?"

"हसेल कशाला कोणी? राजवाड्यात आल्यासारखं वाटेल गिऱ्हाइकाला."

मामांनी त्याला पुन्हा ते म्हणायला लावलं. त्यानं म्हटलं.

हंस काचेत बसला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, पोरं काचेला नाक लावून उभी राहायला लागली आणि दुकानात रांग लागली. हंसाची धूळ केस कापणारा रोज सकाळी दाढीच्या ब्रशनं काढायचा. त्याच्याकडे ब्रश भरपूर होते. मग त्यानं मामांना विचारलं की समोरच्या आरशाचंही काही करता येईल का, सध्या तो फार उघडा दिसतो. "उघडा" हा शब्द त्यानं आपणहून वापरला. मामा त्याच दिवशी ड्रॉइंग बोर्ड पुसून बसले.

चौकट बसून आता काही दिवस झालेत. वेल आहे, द्राक्षं आहेत, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन हंस माना गुंफायला निघालेत आणि खाली सिंहाचे पंजे आहेत, कशासाठी ते सिंहालाच ठाऊक. मी ती बाहेरून, काचेतून बघितली आणि वर मामीकडे गेले. मामी म्हणाली, "भयंकर आहे ना? आत जाऊन ये एकदा, मामांना बरं वाटेल."

मी गेले तेव्हा मामा खुर्चीत बसले होते. कापायला डोक्यावर फारसं काही नसतं, तरी ते हल्ली दर आठवड्याला जातात. काम संपवून केस कापणाऱ्यानं पाठीमागे छोटा आरसा धरला आणि विचारलं, "साहेब, मागून ठीक आहे ना?"

मामांनी डोक्याकडे बघितलंही नाही. ते मोठ्या आरशाच्या चौकटीकडे बघत होते, एक डोळा बारीक करून.

"डावीकडचं पान जरा लहान वाटतंय," ते म्हणाले.

"मग वाढवा की," तो म्हणाला, आणि त्यांच्या मानेवरची पावडर झटकायला लागला.